आधीं शोधन, मग पोषण

या सदरांतून आजवर लोणच्याच्या बरण्यांपासून पोथ्यांना लागणाऱ्या कसरीपर्यंत अनेक घरगुती विषयांची चर्चा झाली. या खेपेस विषय मोटारीचा आहे हें पाहून कित्येक भगिनी पान उलटतील, अशी भीति वाटते. त्यांस माझी एवढीच विनंति कीं, त्यांनीं थोडा धीर धरावा. ही मोटार ज्या उपायांनीं जिवंत झाली त्यांतील निम्मे पदार्थ त्यांच्याच फडताळांत आहेत. आणि ज्या चुकीमुळें ती मृतप्राय झाली होती, ती चूक आम्ही पुरुषमंडळी घरोघर करीत असतों.

आमचें घर भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं, पवनीस. माझे ज्येष्ठ बंधु, ज्यांस आम्ही सर्वजण दादा म्हणत असूं, तेथें डॉक्टरी करीत. १९७८ सालीं त्यांनीं प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां कोठें मोटार दारीं येई. ती आली त्या दिवशीं वहिनींनीं तिला कुंकू लाविलें, आणि त्याच रात्रीं एका अडलेल्या बाळंतिणीस घेऊन ती भंडाऱ्यास गेली. पुढें सत्तावीस वर्षें हाच क्रम चालला. आमच्या पंचक्रोशींत आज चाळिशींत असलेलीं किती तरी माणसें त्या गाडीच्या मागच्या आसनावर आपल्या आईच्या कुशींत बसून दवाखान्यांत गेलेलीं आहेत.

२००५ च्या आषाढांत दादा गेले. दिवसवार आटोपल्यावर मीं ती गाडी परसांतील टिनाच्या खोलींत ढकलून ठेविली, तिजवर जाड चादर घातली आणि दारास कुलूप लाविलें. "जशी आहे तशी राहूं दे," असें मीं सर्वांस बजाविलें. टाकींत अर्ध्याअधिक पेट्रोल होतें. तें काढावें, हा विचारहि मनास शिवला नाहीं. त्यानंतरच्या वीस वर्षांत एकवीस दसरे आले. प्रत्येक दसऱ्यास मी कुलूप काढीं, चादर झटकीं, बॉनेट पुसून त्यावर झेंडूची माळ व आपट्याचीं पानें वाहीं आणि हात जोडून पुन्हां कुलूप लावीं. एकवीस वेळां माळ घातली. टाकीचें झांकण एकदांहि उघडून पाहिलें नाहीं.

या गाडीचें कुळ नव्या पिढीस ठाऊक नसेल म्हणून थोडक्यांत सांगतों. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशीं करार करून तेथें फियाट गाड्या तयार होऊं लागल्या. १९६४ सालीं निघालेल्या 'अकराशें डिलाइट' या नमुन्याचें नांव पुढें 'प्रेसिडेंट' झालें आणि १९७४ सालीं 'पद्मिनी'. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें लहानसें इंजिन, आणि गियरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालींच. २००० सालाच्या सुमारास हिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकीं शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली आणि त्या महानगराच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहींशी झाली. 'पद्मिनी' म्हणजे कमळांची वेल. कमळ चिखलांत उगवतें हें आपण मुलांस शिकवितों. आमच्या पद्मिनीच्या पोटांतहि वीस वर्षांचा चिखल सांठला होता, एवढाच त्या नांवाचा मला नंतर कळलेला अर्थ.

गेल्या दिवाळींत माझी पुतणी पुण्याहून माहेरीं आली. बरोबर जांवई होते. "काका, बाबांची गाडी एकदां चालतांना ऐकायची आहे," असें ती म्हणाली. जांवई उत्साही. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं नवी बॅटरी व पेट्रोलचा डबा आणला. सासुरवाडीस आलेल्या जांवयास कोण अडविणार? टाकींत नवें पेट्रोल ओतावें, बॅटरी जोडावी आणि किल्ली फिरवावी, असा त्यांचा बेत ठरला. सुदैवानें मीं भंडाऱ्याहून एका मोटार-मिस्त्रीस बोलाविलें होतें. हा माझा जुना विद्यार्थी. संस्कृतांत यास मीं शंभरांपैकीं एकोणीस गुण दिले होते, तें तो अद्याप विसरलेला नाहीं. दारांतूनच तो ओरडला, "गुरुजी, पेट्रोल नोका टाकू जी! आंधी पोटात का हाये ते पाहू." त्या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें. आयुर्वेद हेंच सांगतो कीं, पोटांत दोष सांठले असतां वरून कितीहि पौष्टिक घातलें तरी त्याचें विषच होतें; आधीं शोधन, मग पोषण.

पेट्रोल बिघडतें कसें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हलक्या-जड द्रव्यांचें मिश्रण आहे. त्यांतील जीं अत्यंत हलकीं द्रव्यें तीं आधीं उडून जातात, आणि थंड इंजिनांत ठिणगीबरोबर पेट घेण्याचें काम मुख्यतः त्यांचेंच असतें. मागें राहिलेल्या भागाचा हवेंतील प्राणवायूशीं हळूहळू संयोग होतो. उघडें तूप खंवट होतें तें ज्या कारणानें, त्याच जातीच्या कारणानें पेट्रोलहि खंवटतें. मग त्यांत डिंकासारखा चिकट अंश उत्पन्न होतो. तो प्रथम रोगणासारखा पातळ असतो व पुढें आटलेल्या पाकासारखा घट्ट होतो. ही क्रिया कांहीं महिन्यांतच सुरू होते; येथें तर वीस वर्षें लोटलीं होतीं.

दुसरा शत्रु पाणी. आमचा मुलूख तळ्यांचा व धानाचा. पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाहि पाझर फुटतो. टिनाची खोली दिवसा तापते, रात्रीं निवते. टाकीस हवा जाण्यायेण्यासाठीं बारीक वाट ठेविलेली असते, त्या वाटेनें टाकी श्वासोच्छ्वास करते. दिवसा आंतील हवा बाहेर जाते, रात्रीं बाहेरची दमट हवा आंत शिरते, आणि टाकीच्या मोकळ्या भिंतींवर दंव धरतें. तें पाणी पेट्रोलहून जड म्हणून तळाशीं जाऊन बसतें. अशा रीतीनें वरच्या भिंती दंवानें व तळ सांचल्या पाण्यानें गंजत जातो. अशा टाकींत नवें पेट्रोल ओतून इंजिन फिरविलें असतें, तर गंजाचे कण व विरघळलेला डिंक नळीवाटे पुढें जाऊन पंप व कार्ब्युरेटर यांचीं सूक्ष्म छिद्रें बुजलीं असतीं. इतकेंच नव्हे, तर तो चिकट अंश इंजिनाच्या झडपांच्या दांड्यांवर बसून झडपा जागच्या जागीं अडकल्या असत्या, आणि अडकलेली झडप जोरानें उघडूं पाहणारी लोखंडी काठी वांकली असती. मग पांचशें रुपयांच्या कामाचे पन्नास हजार झाले असते.

मिस्त्रीनें पहिला सगळा दिवस केवळ तयारींत घालविला. खोलीचीं दारें-खिडक्या उघडून वारा खेळूं दिला. बॅटरी जोडूं दिली नाहीं. जुनीहि काढून दूर ठेविली. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती धुरासारखी वर न जातां जमिनीलगत पसरते, खांचखळग्यांत सांचते आणि दूरच्या ठिणगीनेंहि पेटते. म्हणून परसांतील पाणी तापविण्याची चूल त्या दिवसापुरती बंद करविली, आणि विडी ओढणाऱ्या गड्यास फाटकाबाहेर पाठविलें. पेट्रोलची आग पाण्यानें विझत नाहीं, उलट पसरते. यासाठीं कोरडी भुकटी फवारणारें अग्निशामक नळकांडें आणि वाळूच्या दोन बादल्या दाराशीं ठेविल्या. जांवयांस ही सावधगिरी थोडी फाजील वाटली. पण तिसऱ्या दिवशीं तिची किंमत मला स्वतःला कळली. तें पुढें सांगतों.

प्रथम टाकी रिती केली. तोंडानें नळी ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडे घातक संवय आहे. एक घोट फुप्फुसांत गेला तरी प्राणावर बेततें. आम्हीं हातपंप वापरला आणि काढलेलें पेट्रोल झांकणाच्या धातूच्या डब्यांत घेतलें. निघालें तें पेट्रोल कसलें! काळ्या चहाच्या काढ्यासारखा रंग, आणि वास जुन्या रोगणाचा. तळाशीं तांबूस पाणी. हें द्रव्य मोरींत, शेतांत किंवा विहिरीजवळ ओतणें म्हणजे पाप आहे. तें जमिनींत मुरून पिण्याच्या पाण्यांत उतरतें. डब्यावर चिठ्ठी लावून आम्हीं तें टाकाऊ तेल घेण्याचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे मिस्त्रीमार्फत पोंचतें केलें.

त्यानंतर टाकी गाडीपासून सोडवून अंगणांत आणली. उन्हांत धरून पाहतां एका कोपऱ्यांत सुईच्या अग्राएवढें छिद्र दिसलें. येथें माझी विद्वत्ता जागी झाली. मिस्त्री सामान आणावयास भंडाऱ्यास गेला होता. तो येईपर्यंत आपण एवढें काम उरकून ठेवावें म्हणून मीं ती रिकामी टाकी सायकल-रिक्षांत घालून गांवांतील एका वेल्डिंगच्या दुकानीं नेली आणि ठिगळ लावावयास सांगितलें. "रिकामीच आहे, भिण्याचें कारण नाहीं," असेंहि वर सांगितलें. दुकानदारानें ज्योत पेटविली, तोंच मिस्त्रीची मोटारसायकल दारांत येऊन थडकली. घरीं टाकी न दिसल्यानें तो शोधीत आला होता. त्यानें आधीं दुकानदाराचा हात बाजूस सारला व मग टाकी उचलून रस्त्यावर आणली. माझ्यावर तो रागावला नाहीं, पण त्याचे हात कांपत होते. त्यानें मला सांगितलें तें मी येथें सर्वांसाठीं लिहून ठेवतों. भरलेल्या टाकींत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकींत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें नेमकें स्फोटक मिश्रण असतें. म्हणून पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलीहून अधिक भयंकर. ज्या टाकींत कधींकाळीं पेट्रोल होतें तिला ज्योत लावूं नये, मग ती कितीहि वर्षें उघडी पडलेली असो. एकोणीस गुणांच्या त्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं तीन माणसांचे प्राण वांचविले आणि त्याच्या गुरुजींस शून्य गुण मिळाले.

आतां टाकीच्या शुद्धीचा विधि. प्रथम साबणाच्या पाण्यानें ती अनेकदां धुतली, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग आंत लहान साखळीचा तुकडा व थोडें पाणी घालून दोघांनीं ती पाळण्यासारखी हलविली. गंजाचे पापुद्रे सुटून आले. साखळी बाहेर काढून घेतल्यावर लिंबूसत्त्वाची पाळी. आपण सरबतांत घालतों तेंच लिंबूसत्त्व, दर लिटर गरम पाण्यास सुमारें पन्नास ग्रॅम या प्रमाणानें विरघळवून टाकी भरली व रात्रभर ठेविली. आंबट द्रव्य गंज विरघळवितें. येथें माझ्या भगिनींस नवें असें कांहींच नाहीं. चिंचेनें पितळी तांब्या घांसतांना त्या हेंच करीत असतात. आणि आमचा भंडारा तर पितळी भांड्यांसाठींच नांवाजलेला. मात्र आम्ल गंजाबरोबर चांगलें लोखंडहि खाऊं लागतें. म्हणून मधून मधून डोकावून पाहावें आणि गंज जातांच थांबावें. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें उरलेलें आम्ल मारावें. त्या वेळीं फेंस येतो म्हणून टाकीचें तोंड उघडें ठेवावें. पुन्हां स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि लगेच वाऱ्यानें व उन्हानें कोरडी करावी. ओली राहिल्यास तासाभरांत नवा गंज धरतो. त्या छिद्रावर मिस्त्रीनें पेट्रोलच्या टाकीसाठींच मिळणारा लेप लाविला. त्यास ज्योत लागत नाहीं.

टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून एक बारीक लोखंडी नळी जाते. दाबाच्या हवेनें ती फुंकतांच कोळ्याच्या जाळ्यांसह तांबडी भुकटी उडाली. जेथें जेथें रबरी नळीचे तुकडे होते ते सर्व बदलले. एकहि जुना ठेविला नाहीं, आणि याचें कारण हल्लींच्या पेट्रोलांत आहे. २००३ सालीं आपल्या राज्यासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्यें शेंकडा ५ मद्यार्क मिसळण्याची योजना सुरू झाली. २०२२ सालीं तें प्रमाण देशभर शेंकडा १० झालें, आणि २०२५ पर्यंत २०. हा मद्यार्क उंसापासून व धान्यापासून होतो; त्यानें शेतकऱ्यास गिऱ्हाईक मिळतें व परदेशी तेल कमी लागतें, हें खरें. पण जुन्या गाड्यांच्या रबराची त्याच्याशीं ओळख नाहीं. तें रबर फुगतें, मऊ पडतें, मग भेगाळतें. आणि तापलेल्या इंजिनावर गळलेला पेट्रोलचा थेंब म्हणजे काय हें सांगावयास नको. म्हणून मद्यार्क सोसणारी नळीच घ्यावी; तिजवर '३० आर ९' असा शिक्का असतो.

पुढें पेट्रोलचा पंप. या गाडींत तो विजेवर चालत नाहीं. इंजिन फिरलें कीं त्याच्याच एका दांड्यानें पंपांतील पातळ पडदा वरखालीं होतो आणि पेट्रोल ओढलें जातें. वीस वर्षांत तो पडदा वाळक्या पापडासारखा झाला होता. असा पडदा फाटल्यास पेट्रोल थेट इंजिनाच्या वंगणांत उतरतें व वंगण पाण्यासारखें पातळ होतें. ज्यांच्याकडे जुनी गाडी असेल त्यांनीं वंगण मोजण्याची कांब काढून नाकाशीं धरावी; पेट्रोलचा वास आल्यास इंजिन सुरू करूं नये. आम्हीं पडदा व पंपांतील झडपा नव्या बसविल्या आणि वंगणहि बदललें.

सर्वांत नाजूक काम कार्ब्युरेटरचें. यांत पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण होतें. आंत एक लहान कुंड असतें. संडासाच्या टाकींत पाणी ठराविक पातळीवर थांबावें म्हणून जसा तरंगता गोळा असतो, तसाच येथें एक तरंगक असून तो सुईसारख्या झडपेनें पेट्रोलची वाट उघडतो-मिटतो. डिंकानें ती सुई अडकली कीं पेट्रोल कुंडाबाहेर उतूं जातें. कुंडांतून पुढें पेट्रोल जातें तें पितळेच्या इवल्याशा तोट्यांतून; त्यांस जेट म्हणतात. त्यांचें छिद्र मोहरीहून बारीक, आणि त्याच्या मापावर गाडीचा सारा श्वास अवलंबून. तें छिद्र बुजलें म्हणून कित्येक लोक त्यांत तार खुपसतात. पितळ मऊ, तारेनें छिद्र मोठें होतें आणि गाडी कायमची अपचनी बनते. जेट द्रावणांत भिजत घालावे आणि हवेनें फुंकावे, इतकेंच. १९६९-७० सालीं आमच्या पवनीस जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचें उत्खनन झालें, तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. कुदळी बाजूस ठेवून माणसें कुंच्यानें माती झटकीत आहेत, हें दृश्य मला अजून आठवतें. मिस्त्री कार्ब्युरेटर उलगडूं लागला तेव्हां मला तेंच आठवलें.

ते जेट द्रावणांतून काढून ओसरीवर पांढऱ्या कापडावर मांडले होते. वहिनी जवळ येऊन बसल्या. एक जेट तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "हें तर पितळ." मी 'हो' म्हटलें. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं गाडी जपलीत, त्याबद्दल मी कधीं कांहीं बोललें नाहीं. पण त्या उन्हाळ्यांत ह्यांनीं मला नदीकांठच्या माळावर गाडी शिकवायला घेतली होती. मागेंपुढें न्यायला येऊं लागली होती. 'पावसाळा संपला कीं लायसन्स काढूं,' म्हणाले होते. तुम्हीं कुलूप घातलेंत नि किल्ली आपल्या कनवटीस लावलीत. तुम्हीं मला विचारलें नाहीं. मी मागितली नाहीं."

वाचकहो, चाळीस वर्षें मीं वर्गांत मुलांस उत्तरें दिलीं. या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दादांच्या स्मृतीचा मान राखतों, अशा समजुतीनें मीं वीस वर्षें एक दार बंद ठेविलें होतें. त्या दाराआड टाकी गंजत होती, आणि माझ्याच घरांत एका माणसाची साधी इच्छाहि तशीच पडून होती. दर दसऱ्यास वहिनी मला सोनें देत आणि मी त्यांस नमस्कार करीं. तोहि नमस्कार बॉनेटवरच्या माळेसारखाच होता; वरवरचा.

इंजिनासंबंधीं दोन शब्द सांगून पहिल्या श्वासाकडे वळतों. चारहि ठिणगी-प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत वंगणाचे कांहीं थेंब सोडले व दोन दिवस तसेच ठेविले. मग चौथा गियर टाकून गाडी हलकेंच मागेंपुढें ढकलली. इंजिन कुरकुर न करतां फिरलें, तेव्हां मिस्त्रीच्या चेहऱ्यावर प्रथम हांसूं दिसलें.

लंघन व शोधन झालेल्या रोग्यास वैद्य एकदम पुरणपोळी वाढीत नाहीं. प्रथम पेया, म्हणजे पातळ पेज, मग थोडी घट्ट, मग भात. यास संसर्जनक्रम म्हणतात. मोटारीचाहि तोच क्रम. टाकी भरण्यापूर्वीं मिस्त्रीनें एक लिटरभर ताजें पेट्रोल एका लहान धातूच्या डब्यांत घेऊन तो इंजिनाहून उंच पण दूर टांगला आणि त्यांतून नळीनें थेट कार्ब्युरेटरास पेट्रोल दिलें. यांत दुहेरी लाभ आहे. पेट्रोल निर्मळ असल्याची खात्री असते. आणि कांहीं बिघडल्यास लिटरभरच पेट्रोलाशीं गांठ असते, टाकीभराशीं नाहीं. अग्निशामक घेऊन जांवई उभे राहिले. त्यांचा पहिला उत्साह आतां शहाणा झाला होता.

किल्ली माझ्या हातांत होती. ती मीं वहिनींस दिली. त्या पदर खोंचून चालकाच्या जागीं बसल्या. वय वर्षें अठ्ठ्याहत्तर. परंतु क्लचवर पाय कसा ठेवावा हें त्यांस सांगावें लागलें नाहीं. पहिल्या खेपेस इंजिन नुसतें फिरलें. दुसऱ्या खेपेस शिंकलें. तिसऱ्या खेपेस एक काळसर धुराचा लोट आला आणि मग तो आवाज. त्या आवाजानें एके काळीं आमच्या आळींतील लोक रात्रीं उठून बसत आणि 'डॉक्टर निघाले' असें म्हणत. पुतणी रडूं लागली. वहिनी रडल्या नाहींत. मिस्त्रीनें खूण करीपर्यंत त्यांनीं पाय अगदीं स्थिर ठेविला होता.

दुसऱ्या दिवशीं नळी टाकीस जोडली आणि मध्यें पारदर्शक गाळणी बसविली. किती गंज अजून येतो हें तींत डोळ्यांना दिसतें. पहिल्या महिन्यांत तीन गाळण्या बदलाव्या लागल्या. चौथी आजतागायत स्वच्छ आहे. मद्यार्कांत मुळांतच प्राणवायु असल्यामुळें नव्या पेट्रोलचें मिश्रण या इंजिनास किंचित् विरळ पडतें. म्हणून मिस्त्रीनें कार्ब्युरेटरची जुळणी थोडी बदलली. शिवाय मद्यार्क हवेंतील ओलावा ओढून घेतो, आणि पाणी फार झालें कीं तो पेट्रोलचा हात सोडून पाण्यासह तळाशीं जातो. तेव्हां हल्लींचें पेट्रोल तर पूर्वीपेक्षांहि सांठविण्यास अयोग्य. आम्ही थोडेंच भरतों आणि दर पंधरवड्यास गाडी फिरवितों.

कायद्याची बाजूहि सांगणें अवश्य आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची तर केव्हांच सरली होती. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं निराळे नियम झाले असून त्यांस विशेष क्रमांक मिळतो. परंतु तशी गाडी प्रदर्शन, देखभाल इत्यादि कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. आमची पद्मिनी त्या वयास अद्याप पोंचलेली नाहीं. म्हणून आम्हीं विमा, धुराची तपासणी व फेरनोंदणी हा सरळ मार्ग धरला. तोंवर गाडी आमच्याच आवाराच्या आंत फिरत होती.

ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी पडून असेल, त्यांनीं क्रम ध्यानीं ठेवावा: वारा खेळवा, ठिणगी दूर ठेवा, टाकी रिती करा, टाकीपासून इंजिनाकडे एकेक भाग शुद्ध करा, आणि पहिला घांस अगदीं लहान द्या. किल्ली सर्वांत शेवटीं. तसेंच, गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास ठेवतांनाच पेट्रोल काढून घ्या. तो अर्ध्या तासाचा कंटाळा पुढील वीस वर्षांचें नुकसान टाळतो.

वस्तु असो कीं माणूस, 'आहे तसें राहूं दे' असें म्हटल्यानें कांहींहि आहे तसें राहत नाहीं. येत्या दसऱ्यास पद्मिनीस माळ वहिनींच्या हातून पडेल, आणि ती घालण्यापूर्वीं मी टाकीचें झांकण उघडून आंत डोकावणार आहें. किल्ली आतां वहिनींच्या खुंटीवर असते. रविवारीं सकाळीं मिस्त्री शेजारीं बसतो आणि त्या आमच्या आवारांत दोन फेऱ्या मारतात. मी ओसरीवरून पाहतों. परवां उतरल्यावर त्यांनीं मला हांक मारली, "भाऊजी, तुम्हांला शिकायची आहे का?" मीं वयाची सबब सांगितली. त्या हांसल्या आणि किल्ली खुंटीस लावून आंत गेल्या.